एका लॅपटॉपात दोन बिऱ्हाडं

संगणकात दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घालून घेतली असं चारचौघांत सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला : ‘का? पहिलीला काय झालं होतं?’

पहिलीला, म्हणजे विंडोज 10 ला, तसं काहीच झालं नव्हतं. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने तिचे नेहमीचे सुरक्षा-अपडेट बंद केले, एवढंच. आता विंडोज 11 घ्या म्हणाले. घ्यायला निघालो तर कळलं, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. माझा निघाला सातव्या पिढीचा. आपल्याकडे माणसं सात पिढ्यांचा मोठेपणा सांगतात, इथे नेमकी सातवी पिढीच आडवी आली. लॅपटॉपला बाकी कसली तक्रार नाही. नुसती जन्मतारीख चुकली.

‘मामा, लॅपटॉप कशाला बदलतोस? लिनक्स मिंट टाकू,’ भाचा म्हणाला. ‘विंडोज काढायचं पण नाही. दोन्ही राहतील. चालू करताना तोच विचारेल, कुठे जायचंय म्हणून.’

वाटणीचा तो प्रसंग मी विसरणार नाही. पडद्यावर एक आडवी पट्टी येते, मध्ये सरकता दांडा. डावीकडे जुन्याचं, उजवीकडे नव्याचं. दांडा सरकवला की दोन्ही बाजूंचे आकडे बदलतात. पाचशे जीबीची इस्टेट.

‘किती देऊ?’

‘पन्नास दे.’

‘मामा, पन्नासात त्याने काय करायचं?’

‘काहीही करू दे. त्या बाजूला तुझ्या मामीच्या माहेरचे फोटो आहेत.’

आतून मामी म्हणाली, ‘कुठे आहेत ते एकदा दाखवा तरी.’ शेवटी एकशे वीसवर तडजोड झाली. तलाठी नाही, मोजणी नाही, सख्ख्या भावांची कोर्टबाजी नाही. इतकी निर्वेध वाटणी आमच्या घराण्यात आजवर झालेली नाही.

दोन्ही बिऱ्हाडं नांदायला लागल्यावर एकेकाचे स्वभाव कळले. लिनक्स समंजस आहे. चालू करताना तो ग्रब नावाची यादी दाखवतो आणि तीत विंडोजचं नाव स्वतःच्या हाताने लिहितो. शेवटी लिहितो, पण लिहितो. विंडोजमधले फोल्डर उघडून देतो, फायली वाचून दाखवतो. विंडोजच्या लेखी मात्र शेजारी कुणी राहतच नाही. लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह त्याला लावून पाहा. आत काय आहे हे त्याला वाचता येत नाही. आपल्याला वाचता येत नाही असं मात्र ते म्हणत नाही. ‘वापरायचा असेल तर आधी फॉरमॅट करावा लागेल, करू का?’ असं अदबीने विचारतं.

शिवाय विंडोज बंद केलं तरी धड बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप नावाची एक सोय आहे. उद्या लवकर उठता यावं म्हणून ते आपला निम्मा पसारा डिस्कवर तसाच मांडून ठेवतं. तिकडून लिनक्स येतो, पसारा बघतो आणि म्हणतो, फायली बघा, पण हात लावू देणार नाही. त्याचं बरोबरच आहे. चूक असेल तर ती सोय न विचारता चालू ठेवणाऱ्याची आहे. ती कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये दडलेली सापडते.

पण खरी मौज घड्याळाची. लॅपटॉपच्या पोटात बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज डॉसच्या काळापासून समजतं, की त्यात स्थानिक वेळ असते. लिनक्स युनिक्सच्या घराण्यातला. तो समजतो, की त्यात ग्रिनिचची वेळ असते. दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे एकच घड्याळ लावत बसतात आणि भारतात याचा फरक पडतो साडेपाच तासांचा. आइसलंडमध्ये वर्षभर ग्रिनिचचीच वेळ चालते, त्यामुळे तिथल्या दुहेरी संसाराला ही अडचण माहीतच नसणार. आमच्याकडे लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की संध्याकाळी सात वाजता दुपारचा दीड दिसायचा. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होईपर्यंत सोसायटीच्या दोन पावत्या दुपारच्या वेळेने निघाल्या. दुपारी दीडला मी झोपलेला असतो हे सगळ्या इमारतीला माहीत आहे.

यावर उपाय एका ओळीचा आहे, टर्मिनल उघडून टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1 असं लिहायचं. ही ओळ भाच्याने मला फोनवर सांगितली. मध्ये रेघा कुठे आणि मोकळी जागा कुठे, यावर आमचं जे बोलणं झालं ते ऐकून शेजारचे काका दार वाजवून ‘सगळं ठीक आहे ना?’ विचारून गेले.

बिऱ्हाडांची भांडणं कधीकधी हातघाईवरही येतात. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजचा एक सुरक्षा-अपडेट आला. दोन सिस्टीम असलेल्या संगणकांना तो लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. तरी कित्येकांना तो लागू झाला आणि त्यांचं लिनक्स उघडेना. पडद्यावर इंग्रजीत संदेश यायचा, काहीतरी फारच गंभीर बिघडलं आहे. हे मी भाच्याला ऐकवलं तर तो म्हणाला, ‘बघ, म्हणून म्हणतो विंडोज काढूनच टाक.’

लिनक्सच्या माणसांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हा उद्योग नुसता छंद म्हणून सुरू केला, काही मोठं होणार नाही असं स्वतःच जाहीर केलं, आणि आज जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांवर लिनक्सच चालतं. मामीच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीसुद्धा तेच. हे सगळं खरं आहे. पण त्या पाचशेतल्या एकाही महासंगणकावर सोसायटीचे हिशेब नाहीत. माझ्यावर आहेत. मी खजिनदार. हिशेब टॅलीत आणि टॅलीला विंडोज लागतं. सोसायटीच्या जुन्या नोटिसा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या लिनक्समध्ये उघडल्या तर पाणीपट्टीची सूचना इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची रांगोळी होऊन समोर येते.

तेव्हा कामं सगळी विंडोजमध्ये होतात. मग लिनक्समध्ये मी काय करतो? तिथे मला फार बरं वाटतं. तिथे लॅपटॉप दहा वर्षांनी तरुण होतो, पंखा ओरडत नाही. मी डेस्कटॉपचं चित्र बदलतो. खालची पट्टी वर नेतो, परत खाली आणतो. अपडेट आलेत का बघतो, आलेले असतात. ते झाले की कुणाचा तरी हिशेबाचा फोन येतो आणि मी रीस्टार्ट करतो.

त्यातही यादी फक्त दहा सेकंद थांबते. तेवढ्यात खालच्या बाणाने विंडोजवर गेलो नाही तर थेट लिनक्स. परवा हिने मुलीशी व्हिडिओवर बोलायचं म्हणून लॅपटॉप चालू केला आणि तेवढ्यात दूध वर आलं म्हणून गॅसकडे धावली. परत येते तो पडद्यावर हिरवं मिंट.

‘अहो, हे तुमचं दुसरं उघडलंय!’

शेजारच्या काकांची चक्कर याही वेळी झाली.

आता एकच मार्ग दिसतो. खजिनदारपद गेलं की टॅली जाईल, टॅली गेली की विंडोज जाईल. सोसायटीची वार्षिक सभा येत्या महिन्यात आहे. ज्या सभासदांना टॅली येते आणि लिनक्सचं नावही माहीत नाही, त्यांनी खजिनदारपदासाठी आपली नावं सचिवांकडे लवकरात लवकर द्यावीत, ही विनंती.