गळाला न लागणाऱ्या माशाचे शास्त्र

मस्कलंज हा पाईक कुळातील सर्वांत मोठा मासा असून अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील महासरोवरे, सेंट लॉरेन्स नदी आणि मिसिसिपी व ओहायो या नद्यांची खोरी हा त्याचा मूळ प्रदेश होय. तेथील लोक त्याला मस्की म्हणतात. पूर्ण वाढलेली मादी चार फुटांच्याही पुढे जाते (नर बिचारा आखूडच राहतो), जबड्यात टोकदार दातांच्या रांगा असतात, आणि पाणवेलींच्या आडोशाला निश्चल राहून जवळून जाणाऱ्या माशावर, प्रसंगी बदकाच्या पिल्लावर अचानक झडप घालणे हा तिचा चरितार्थ असतो. विस्कॉन्सिन राज्याने १९५५ मध्ये मस्कीला राज्यमाशाचा मान दिला. शिवाय त्या राज्यातील हेवर्ड या गावी गोड्या पाण्यातील मासेमारीचे जे संग्रहालय आहे, तेथे तिची इमारतीएवढी प्रतिमा उभारली असून पर्यटक तिच्या जबड्यात उभे राहून छायाचित्रे काढून घेतात. एवढ्या गौरवानंतर माशाने अधूनमधून गळाला लागावे ही अपेक्षा वावगी म्हणता येणार नाही; परंतु सत्काराने विरघळणाऱ्यांपैकी हा मासा नव्हे.

मस्कीला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणण्याची रूढी आहे. आमिष काठीने दूर पाण्यात भिरकावून ते रिळाने पुन्हा होडीपर्यंत ओढून आणणे, ही संपूर्ण क्रिया म्हणजे एक फेक. मिनिटाला एक याप्रमाणे आठ तासांत ४८० फेकी होतात, म्हणजे दहा हजारांना जवळजवळ एकवीस दिवस लागावेत; प्रत्येक फेक पंचवीस मीटरची धरली तर तेवढ्या अवधीत रिळावर अडीचशे किलोमीटर दोरी गुंडाळली जाते. दहा हजार हा आकडा अर्थातच कोणी मोजून काढलेला नसून केवळ वैतागातून सिद्ध झालेला आहे. तरीही या छंदाचे खरे वैशिष्ट्य त्यातूनच उलगडते. जो मासा रोज लागतो त्याच्याविषयी माणसाला मोजकीच मते असतात, कारण चुकीचे मत संध्याकाळपर्यंत उघडे पडते. जो मासा महिन्यातून एखादे वेळी लागला तर लागतो, त्याच्याविषयीचा कोणताही सिद्धान्त खोटा ठरवणे जवळपास अशक्य असते, आणि खोटा ठरवता न येणारा सिद्धान्त यथावकाश परंपरा होऊन बसतो. पुरावा जितका विरळ तितके शास्त्र भरघोस, असा हा व्यस्त नियम होय.

या नियमाची उदाहरणे विपुल आहेत. जॉन अल्डन नाइट या अमेरिकी गृहस्थांनी १९२६ मध्ये असे प्रतिपादन केले की चंद्र माथ्यावर किंवा बरोबर पायांखाली असताना मासे विशेष भुकेले असतात आणि तो उगवता-मावळताना त्याहून थोडे कमी. तेव्हापासून या वेळांची कोष्टके निघत आली असून, एरवी ज्योतिषाला हसणारे अभियंते आणि दंतवैद्य चंद्रोदयाची वेळ पाहून होडी हाकारतात. मुहूर्त पाहून लग्न लावणाऱ्या वाचकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. मात्र लग्नाच्या मुहूर्ताला निदान दुसरा पक्ष हजर असतो.

तथापि या शास्त्राचे सर्वांत देखणे फळ म्हणजे हाताने घडवलेले ग्लाइड बेट. ग्लाइड बेट म्हणजे साधारण सहा ते दहा इंच लांबीचे, दोन्ही अंगांनी चपटे असे लाकडी मासोळीचे रूप, ज्याच्या पोटाला तीन टोकांचे मोठे गळ टांगलेले असतात. अन्य कित्येक कृत्रिम आमिषांच्या तोंडापुढे पाणी अडवणारी एक जीभ बसवलेली असते व तिच्यामुळे ती आमिषे आपोआप डुलतात. ग्लाइड बेटला अशी जीभ नसल्याने त्याला स्वतःची म्हणून काही हालचालच नसते. काठीच्या टोकाने दोरीला हलका झटका दिला की त्याचे नाक एका अंगाला वळते आणि ते त्या दिशेने घसरत जाते. पुढच्या झटक्याला ते विरुद्ध अंगाला वळते. यातील मर्म असे की झटक्यानंतर दोरी लगेच सैल सोडावी लागते, कारण ती ताणलेली राहिल्यास नाकाला वळायला मोकळीकच मिळत नाही व आमिष शिस्तीत सरळ चालू लागते. मस्कीला शिस्त आवडत नाही. जखमी, गोंधळलेला, कोठे जावे हे न ठरलेला मासा तिला हवा असतो. तेव्हा एक सुदृढ, सुखवस्तू मनुष्य दिवसभर काठी झटकून गोंधळलेल्या माशाचे सोंग वठवीत असतो, आणि हे सोंग त्याला फारसे जड जात नाही.

आमिष यंत्राऐवजी हाताने का घडवावे, याला मात्र खरेखुरे भौतिक कारण आहे. एकाच ओंडक्यातून कापलेल्या दोन फळ्यांची घनता सारखी नसते. म्हणून एकाच साच्याने कोरलेल्या दोन आमिषांपैकी एक तरंगते तर दुसरे बुडते. कारागीर मेपल, सीडर किंवा तत्सम लाकडाला आकार देतो, पॉलिश पेपरने घासतो, मग पोटाला भोके पाडून त्यांत शिसे ओततो. ते किती आणि कोठे, हे प्रत्येक नगाला निराळे ठरवावे लागते. शिसे मध्याजवळ एकवटले तर आमिष चटकन वळते, टोकांकडे वाटले तर आळसाने वळते, आणि पुढच्या बाजूस जास्त झाले तर नाक खाली घालून तळाकडे जाते. त्यानंतर लाकडात पाणी मुरू नये म्हणून लेप, एअरब्रशने रंगवलेले खवले, काचेचे डोळे, शेवटी इपॉक्सी या राळेचा चकचकीत थर. आणि हा थर ओघळून एका बाजूस साचू नये म्हणून आमिष तासन् तास सावकाश फिरणाऱ्या चाकावर टांगून ठेवतात.

चाचणी बहुधा घरच्या न्हाणीघरातल्या टबात होते आणि शास्त्र येथेच थोडे कुटुंबाच्या मुळावर येते. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत दाट असते. पंचवीस अंशांच्या नळाच्या पाण्यापेक्षा ते सुमारे ०.३ टक्क्याने जड भरते. शंभर ग्रॅमच्या आमिषाच्या दृष्टीने हा फरक एक तृतीयांश ग्रॅमहूनही कमी असला, तरी टबात अत्यंत डौलाने बुडणारे आमिष नोव्हेंबरातल्या सरोवरावर तरंगत राहायला तो पुरेसा होतो. त्यामुळे कसोशीचे कारागीर टबात बर्फ ओततात, आणि ज्यांना खरोखर आंघोळ करायची असते ते ताटकळत राहतात.

अशा आमिषाला शंभर डॉलरपेक्षा जास्त मोजणारे आणि नामांकित कारागिराच्या यादीत नाव घालून वाट पाहणारे शौकीन आहेत. त्यांच्या भक्तीमागे इतिहासही आहे. अँटिगो या गावच्या फ्रँक सुइक यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात एक झटक्याचे लाकडी आमिष बनवले (ते वळणारे नसून खाली सूर मारणारे होते) आणि त्यावर सलग तीस दिवस रोज एक मस्की पकडली, असे सांगतात. त्या तीस दिवसांच्या पुण्याईवर लाकडाची प्रतिष्ठा अद्याप टिकून आहे. शोकांतिका अशी की आमिषाचे सार्थक आणि त्याचा नाश एकाच क्षणी घडतात. मस्कीचे दात इपॉक्सीतून लाकडापर्यंत गेले की आत पाणी मुरते, लाकूड फुगते, रंगाला तडे जातात, आणि एवढ्या हिशेबाने बसवलेला तोल बिघडतो. ज्या आमिषाचा तोल वर्षानुवर्षे अबाधित आहे, त्याच्या यशाविषयी मालकाला न विचारणे हा सभ्यपणा होय.

मस्की आमिषाकडे दुर्लक्ष करते असे मात्र नाही. ती पुष्कळदा आमिषामागोमाग होडीपर्यंत येते, कोपरभर अंतरावर थांबून पाहते आणि खोल पाण्यात निघून जाते. म्हणून प्रत्येक फेकीच्या अखेरीस काठीचे टोक पाण्यात बुडवून आमिष होडीलगत इंग्रजी आठच्या आकृतीत फिरवण्याची प्रथा आहे. वळणे रुंद असावी लागतात, कारण एवढ्या लांब माशाला अरुंद वळण घेता येत नाही. या युक्तीने मासे खरोखरच लागतात. या साऱ्या शास्त्रातला हा सर्वांत भक्कम भाग असूनही तो सर्वांत नावडता आहे, कारण काहीही आले नसताना रिकाम्या पाण्यात आठ काढणारा मनुष्य काठावरून पाहणाऱ्यास बरा दिसत नाही.

पुरावा विरळ असल्याचा परिणाम विक्रमांवरही झालेला आहे. लुई स्प्रे यांनी २० ऑक्टोबर १९४९ रोजी चिपेवा जलाशयात ६९ पौंड ११ औंसांची मस्की पकडल्याचे हेवर्डचे संग्रहालय मानते. त्याच वर्षी जुलैत कॅल जॉन्सन यांनी ६७ पौंड ८ औंसांची मस्की पकडली होती, आणि मासेमारीच्या विक्रमांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था तिलाच विक्रम मानते. आर्थर लॉटन यांचा १९५७ मधला ६९ पौंड १५ औंसांचा विक्रम १९९२ मध्ये रद्द झाला. पुढे २००५ मध्ये काही अभ्यासकांनी जुन्या छायाचित्रांचे भूमितीने मोजमाप करून स्प्रे यांचा साडेत्रेसष्ट इंची मासा प्रत्यक्षात बराच आखूड असल्याचा दावा केला; संग्रहालयाने तो २००६ मध्ये फेटाळला. स्प्रे यांनी पेंढा भरून ठेवलेला मूळ मासा दरम्यान आगीत जळून गेलेला असल्यामुळे वाद दीर्घायुषी होण्यास कोणताही अडथळा उरलेला नाही.

हल्ली पकडलेली मस्की बहुधा परत सोडली जाते. या चालीचा प्रसार मस्कीज इन्कॉर्पोरेटेड या १९६६ मध्ये मिनेसोटात स्थापन झालेल्या संघटनेने मोठ्या प्रमाणावर केला. मासा जाळ्यातच पण पाण्याखाली ठेवून गळ काढावे आणि उन्हाळ्यात पाणी सत्तावीस अंशांच्या आसपास तापले की मस्कीच्या वाटेला जाऊच नये, कारण कोमट पाण्यात थकलेली मस्की सोडल्यावरही मरते, हे नियम आता बव्हंशी सर्वमान्य आहेत. रुतलेला गळ निघत नसेल तर तो कापण्यासाठी लोखंडी तार तोडणारी दणकट कात्री जवळ बाळगतात. ही कात्री माशासाठी आहे असे दुकानदार सांगतो आणि ते खोटे नाही. परंतु धडपडणारा मासा, दोन-तीन तिहेरी गळ आणि माणसाचा हात एकाच जाळ्यात आल्यावर गळ प्रथम कोणात रुतेल, हे चंद्राच्या कोष्टकात दिलेले नसते. वाचकांपैकी कोणाला पुढेमागे विस्कॉन्सिन किंवा मिनेसोटा येथील कोणी स्नेही होडीत घेऊन निघाले, तर त्यांनी आमिषाच्या रंगाची चर्चा खुशाल ऐकून घ्यावी, पण कात्री घेतली आहे की नाही हे होडी सुटण्यापूर्वी विचारावे.