चैनीची वायर

घरातलं इंटरनेट गरज की चैन, याचा निकाल सरकारने कधीच लावलाय. सोन्यावर जीएसटी ३ टक्के, ब्रॉडबँडच्या बिलावर १८. म्हणजे घाटकोपरला पाटल्या घेणं ही निकड आणि बोरिवलीत वायफाय लावणं ही उधळपट्टी!

आता ही उधळपट्टी करायला लावतं कोण? मुंबईत अकरावीचा प्रवेश २००९ पासून ऑनलाइन. लाडक्या बहिणीने दीड हजारासाठी ई-केवायसी करायची, तीही ऑनलाइन. २०२० मध्ये तर शाळाच घरात शिरली. एकाच मोबाइलवर थोरलीचं बीजगणित, धाकट्याची बाराखडी आणि बाबांची मीटिंग. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या हक्कात धरला. पण केरळ पडलं लांब.

इकडे मुलुंडला ही चैन एका गच्चीवरून दुसरीवर, वाटेत गुलमोहराला वेटोळं घालून लोंबकळते. पहिल्या सरीलाच राउटरवर लाल दिवा. केबलवाला म्हणतो, ‘‘काका, फायबर कट आहे, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.’’ कुठल्या तारखेची संध्याकाळ, ते विचारायचं नाही. तक्रार मात्र जरूर नोंदवा. सोय चोवीस तास आहे, ॲपवर.