क्यूसीवाले आप्पा

आमच्या चिंचवडच्या सोसायटीतल्या आप्पांच्या खिशात पेन नसतं, टेप असते. आधी भोसरी, मग चाकण, अशी 36 वर्षं क्यूसीत, म्हणजे क्वालिटी कंट्रोलमध्ये, काढली की माणूस रिटायर होतो, नजर होत नाही. पुतणीच्या लग्नात भटजींनी मंगलाष्टकाला तोंड उघडलं आणि आप्पा म्हणाले, ‘अंतरपाट डावीकडे दोन इंच खाली आहे.’ तो सरळ होईस्तोवर मुहूर्त थांबला. काकूंच्या पोळ्या तर लग्न झाल्यापासून ‘डेव्हिएशनवर’ पास होतात, आणि हे ते काकूंच्या तोंडावर सांगतात.

अशा माणसाला गेटवे ऑफ इंडिया दाखवायला नेऊ नये. आम्ही नेलं. सकाळची सिंहगड धरून व्हीटी, तिथून टॅक्सी. पिवळसर बेसाल्टची 26 मीटर उंच कमान समोर आली तशी बायका फोटोला उभ्या राहिल्या. आप्पांनी एक डोळा मिटला.

‘रस्त्याच्या रेषेत नाही.’

‘आप्पा, समोरून सरळ रस्ता काढायचा होता, पैशांअभावी राहिला.’

‘म्हणजे फिक्स्चर न बनवता जॉब काढला.’

माझी चूक एवढीच, की मी वाचून आलो होतो. सांगितलं, डिसेंबर 1911 मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथे अपोलो बंदरावर उतरले, त्याची ही आठवण. पण त्यांना बघायला मिळाला तो पुठ्ठ्याचा नमुना. पायाचा दगड बसला 1913 ला, आर्किटेक्ट विटेटचा आराखडा मंजूर झाला 1914 ला, आणि उद्घाटन 4 डिसेंबर 1924 ला.

आप्पांचा चेहरा ऑडिटच्या दिवशी व्हायचा तसा झाला. ‘कस्टमर व्हिजिटला, तेव्हा सॅम्पल पुठ्ठ्याचं. फाउंडेशन आधी, ड्रॉइंग नंतर. आणि डिलिव्हरी तेरा वर्षांनी! अरे, आमची लाइन तेरा मिनिटं थांबली तर प्लांट हेड खाली यायचा.’

जाळीकाम ग्वाल्हेरचं, हे मी सांगितलं नाही. व्हेंडर कोण, हा प्रश्न आला असता. त्याऐवजी म्हटलं, 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची गोरी पलटण याच कमानीखालून मायदेशी गेली.

‘एन्ट्रीचं गेट एक्झिटला वापरलं,’ आप्पा म्हणाले. मग कमानीकडे पुन्हा एकदा बघून, ‘ते चालेल.’

घारापुरीची लाँच धक्क्याच्या पायऱ्यांना लागली होती. लागली म्हणजे काय, एकदा वीतभर जवळ, एकदा हातभर लांब, वरखाली वेगळंच. आप्पा शेवटच्या ओल्या पायरीवर थांबले. हात नकळत खिशातल्या टेपेकडे गेला. मागे रांग खोळंबली, कोणाचं तरी पोर रडायला लागलं.

‘गॅप किती असतो?’ त्यांनी खलाशाला विचारलं.

‘असतो तेवढा असतो. हात द्या, काका.’

‘पण टॉलरन्स...’

खलाशाने दंड धरला, एक लाट जाऊ दिली आणि पुढच्या लाटेला आप्पांना अलगद उचलून आत ठेवलं. ठेवल्यावर खांद्यावर थाप मारली, ‘ओके! पुढचा घ्या.’

आप्पा फळीवर बसले. मांडवाच्या बोटी, ताजचे घुमट, मागे सरकणारी ती तिरकी कमान, सगळं समोरून गेलं, पण ते काही बोलले नाहीत. घारापुरीचा डोंगर दिसू लागला तेव्हा कुठे माझ्या कानाशी वाकले.

‘त्याने मला बघितलंसुद्धा नाही रे नीट. ओके कसा दिला?’