हिरवळकर

न्यू जर्सीतल्या मराठी वस्तीत हिरवळकर गल्लीला एक तरी असतोच. वडील वाळव्याकडचे शेतकरी. त्यांची हयात गवत खुरपण्यात गेली. चिरंजीव आयटीत मॅनेजर. पगार गवत वाढवण्यात जातो. वडील राहायला आले तेव्हा त्यांनी लॉनला एक फेरी मारली आणि विचारलं, "आन् हे खातं कोण?"

हे थंडीचं गवत. पंधरा ते चोवीस अंश सेल्सिअसमध्ये खुशीत असतं. जुलैच्या उन्हात पिवळं पडून झोपतं आणि हिरवळकरांची झोप उडते. केंटकी ब्लूग्रास मूळचं केंटकीचं नव्हेच, युरोपातलं, हे पाहुण्याला चहाच्या आधी मिळतं. रायग्रास आठवड्यात उगवतं, ब्लूग्रास दोन-तीन आठवडे घेतं. तेवढे दिवस हिरवळकर पहाटे बॅटरी घेऊन जमिनीला नाक लावून असतात. (देवापुढे इतकं वाकताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही.) पातं साडेतीन इंचांवर, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापणं वर्ज्य. १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकांनी खत टाकायला राज्याच्या कायद्याने बंदी आहे. हा काळ ते सुतकासारखा पाळतात.

एका ऑगस्टमध्ये गवताचे पट्टेच्या पट्टे गालिच्यासारखे हातात आले. हिरवळकरांनी व्याख्यान सुरू केलं: जपानी भुंगेरा, अमेरिकेत पहिल्यांदा सापडला १९१६ मध्ये, तोही आपल्याच न्यू जर्सीत, रिव्हरटनला! वडिलांनी माती उकरली, पांढरी अळी तळहातावर घेतली. "हुमणी हाय ही. आपल्या उसाला लागत न्हवती व्हय?" बापलेक त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बोलत बसले.

खरी पंचाईत गणपतीत. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य हाच नवं बी पेरायचा मुहूर्त. म्हणून दोरी बांधलेली, आरतीची माणसं गॅरेजमधून आत. त्यात वहिनी म्हणतात, "एकवीस दूर्वा आणा." दूर्वा म्हणजे हरळी, आणि हरळी म्हणजे हिरवळकरांची जन्माची वैरीण. थंडीच्या गवतात घुसली की काडीकाडीने पसरते. यांनी ती औषध मारमारून निर्वंश केलेली.

मग हिरवळकर कात्री घेऊन शेजारच्या पटेलभाईंच्या दारात उभे राहतात. तिथे हरळी माजलेली. एकवीस दूर्वा मोजून घेतात, आभार मानतात आणि निघताना गंभीरपणे बजावतात, "विसर्जन झालं की लगेच जाळून टाका हं हे सगळं. माझ्याकडे येईल."