क्रूरसिंगाच्या भुवया

शिवाजी पेठेतल्या आमच्या तात्यांनी परवा नातवाच्या मोबाइलवर पुन्हा 'चंद्रकांता' लावली. तीच, दूरदर्शनवरची, १९९४ सालची. तेव्हा रविवारी सकाळी मटण शिजायला ठेवून अख्खी गल्ली एका टीव्हीपुढं बसायची. अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंग 'यक्कू' म्हणाला, की रस्सा करपला तरी कुणी उठत नसे. (कोल्हापुरात रस्सा करपू देणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही.)

नातू म्हणाला, "तात्या, ग्राफिक्स लई गंडलंय."

"तुझ्या वेब सिरीजमध्ये व्हिलन कोण, हे कळायला सहा भाग लागतात. हितं भुवया बघितल्या की झालं!"

मारामारी आली. हिरोशी एक गडी लढतोय, बाकीचे आठ आपला नंबर यायची वाट बघत गोल उभे. तात्यांनी उमेदीत खासबागेच्या कुस्ती मैदानात लांग कसलेली, ते गहिवरले. "शिस्त बघ! महाद्वार रोडला गाडी लावताना दिसती का अशी?"

तलवार लागायच्या आधीच एक शिपाई पडला. तात्यांच्या मते तो अनुभवी होता.

चौथ्या भागात नातवानंच विचारलं, "जाहिरात पुढं ढकलू?"

"असू दे रे. तेवढ्यात चहा टाकतो."