गाडी नाही, ओटीपी सांगा

अंजनवेलला वाशिष्ठी समुद्राला मिळते. गोपाळगड आहे, गडाच्या पोटात आंब्याची बाग आहे, पलीकडे टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह. सगळं सुंदर. प्रश्न होता चिपळूण स्टेशनला पोचायचा, आणि पुण्याहून लेकीचा हुकूम होता, "बाबा, ॲपवरूनच गाडी करा. अनोळखी माणसाच्या गाडीत बसू नका."

ॲपवर वर्तुळ फिरलं आणि ‘जवळपास गाडी उपलब्ध नाही’ असं उमटलं. मी यंत्राशीही हुज्जत घालतो. नकाशावरची खूण थोडी सरकवली, ती खाडीत पडली. खाडीतही गाडी नसल्याचं ॲपनं तितक्याच अदबीनं कळवलं.

"त्याला कशाला इचारताय?" टपरीवाला म्हणाला आणि त्यानं एक फोन लावला. थोड्या वेळानं एक वयस्कर जीप आली. आत त्याहून वयस्कर तात्या.

लेक फोनवर होतीच. नंबरप्लेट जुळते का? (तात्यांनी चिखल पुसून दाखवला.) चेहरा फोटोशी जुळतो का? ("मी सोता आलोय, फोटो कशाला?") ओटीपी दिला का? धोक्याचं बटण कुठंय? तात्यांनी हॉर्न दाबून दाखवला.

थट्टा मी करतो खरी. पण लेक रात्री अकराला कॅबमध्ये बसते, तेव्हा तिच्या गाडीचा ठिपका घरापाशी थांबेपर्यंत मला झोप नसते. डिसेंबर 2014 मध्ये दिल्लीत एका तरुणीवर कॅबच्या चालकानं बलात्कार केला, आणि त्यानंतर आपल्याकडच्या ॲपात ते बटण आलं. त्याची किंमत कुणी मोजली ते मला विसरता येत नाही.

गाडी निघाली आणि पडताळणी सुरू झाली ती माझी. मूळ गाव कुठलं? आडनाव काय? एकटेच कसे? मंडळींना ठाऊक आहे ना? दर वळणावर तात्या जीप हळू करून कुणाला तरी ओरडून सांगत, "पुन्याचे पावणे हायत, टेसनला चाल्लेत!" लाईव्ह लोकेशन म्हणतात ते हेच असावं. गुहागर येईपर्यंत माझ्या मधुमेहाचीही नोंद झाली होती.

वाटेत वीजप्रकल्प दिसला. एकेकाळचा एन्रॉनचा. तात्यांनी ही जीप कर्ज काढून घेतली ती कंपनीच्या साहेबांची ने-आण करायला. 1999 मध्ये वीज सुरू झाली, वीज मंडळाला बिलं झेपेनात, 2001 मध्ये सगळं ठप्प. आम्ही पावसात दीडपट भाड्यावरून गळा काढतो. इथं अख्ख्या राज्याचं पेमेंट अडकलं होतं.

"कंपनी बंद झाली," तात्या म्हणाले, "हप्ता चालू ऱ्हायला." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मलाही विनोद सुचला नाही.

चिपळूणला मी पैसे द्यायला डॅशबोर्डवरचा क्यूआर स्कॅन केला. पडद्यावर भलतंच नाव.

"बाबा, थांबा!" लेक फोनमधून ओरडली. "नाव जुळत नाही ना? पाठवू नका!"

गाडीची वेळ झालेली. तात्या शांत. नाव मुलाचं होतं. तो मुंबईत ॲपवर टॅक्सी चालवतो. मुंबईहून कोकणात मनीऑर्डर यायची हे ऐकलं होतं. इथं अंजनवेलचं भाडं मुंबईला चाललं होतं. मी लेकीला होल्डवर टाकलं आणि खात्री करायला मुलाला फोन लावला.

"व्हय काका, माझंच खातं. पाठवा बिनधास्त," तो म्हणाला. "पण बाबांनी पट्टा लावलावता का? आता अंधारात एकटेच माघारी जानार? वाटेत कुनाला बसवू नका म्हणावं. पोचल्यावर मिस्ड कॉल द्यायला सांगा."

फोन स्पीकरवर होता. तात्यांनी चावी फिरवली.

"दिवसभर नाय-नाय ती अनोळखी मानसं गाडीत घेतो," ते म्हणाले, "आणि शिकवतोय मला."