वहिनींचा साबण

अहो, ऐकलंत का? पलीकडच्या वहिनींनी साबण केलाय. घरी! विकतचा वितळवून साच्यात ओततात ना, तसला नाही हो. खोबरेल आणि कॉस्टिक सोडा घेऊन, अगदी मुळापासून.

तोच कॉस्टिक, मोरी तुंबली की ओततो तो. त्यांच्या सासूबाईंनी डबा पाहिला मात्र, "अगं, नातीची कातडी सोलून निघेल!" पण वहिनी ठाम. म्हणे, तेलाशी प्रमाण जमलं की कॉस्टिक उरतच नाही, त्याचा साबण होतो आणि ग्लिसरीन. अर्धा किलो खोबरेलाला ८७ ग्रॅम. तेही काट्यावर तोलून हं, पोह्यांत मीठ टाकल्यासारखं अंदाजानं नाही.

तर काय सांगत होते... हां, पातेलं! वहिनींनी काढलं जर्मनचं. भाचा आलेला, केमिस्ट्रीवाला, तो केवढ्यानं ओरडला, "मामी, जर्मनचं नको, कॉस्टिक खाऊन टाकेल ते!" मग आलं स्टीलचं. वर त्याचा हुकूम, पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. वहिनी मागच्या अंगणात, हातमोजे आणि लेकीचा पोहण्याचा गॉगल लावून! मी आपली इथे कपडे वाळत घालत होते. वाळलेलेच.

गॅस नाही, काही नाही, आणि पातेल्यातून वाफा! निवल्यावर ते तेलात ओतलं, ब्लेंडर फिरवला, छान दाट झालं. आणि मग... जरा इकडे या... टाकली हळद. दिवाळीला उटण्याचा पिवळाधमक साबण देणार म्हणून गल्लीभर सांगून बसलेल्या ना!

लालभडक झालं हो सगळं! वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. भाचा म्हणतोय, "अल्कली, मामी, अल्कली," पण त्या ऐकतायत कुठे. आणि सासूबाई? पंढरपूरच्या माहेरवाशीण. पदर खोचून आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "हळदीला खार लागला की कुंकूच व्हायचं. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल." जरा तरी हळू बोलायचं की नाही!

आता वड्या पाडून बुटांच्या खोक्यात ठेवल्यात. लाली थोडी उतरलीय म्हणे, पण पिवळा काही नाही तो. आणि लगेच वापरायचा नाही, चार ते सहा आठवडे मुरू द्यायचा. तरी एक वडी आत्ताच बुक झालीय. कोणासाठी? सासूबाईंच्या बहिणीसाठी! काल फोनवर सांगत होत्या, "अगं, आम्ही घरी साबण केला, कुंकवाच्या रंगाचा. मुद्दाम."

आम्ही, बरं का. आणि मुद्दाम!